देवमासा ऐकायला घेतलेला हायड्रोफोन (पाण्याखालचा माइक), दहा महिने वापरून

आधीच सांगतो, देवमासा अजून ऐकलेला नाही. तेवढंच जाणून घ्यायचं असेल तर इथंच थांबलात तरी चालेल. पण घ्यायचा विचार असेल तर पूर्ण वाचा, कारण विकणाऱ्यानं फोनवर जे सांगितलं आणि पाण्यात सोडल्यावर जे कळलं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी सांगलीचा, धंदा साउंडचा. लग्न, सभा, गणपती. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, लोकांनी दीड-दोन दिवस खपून त्याला समुद्रात सोडलं तरी शेवटी ते गेलंच, ते व्हिडिओ बघून आमची पोरगी म्हणाली, पप्पा त्याची आई कुठं असेल, तिला कसं शोधायचं? मी म्हटलं बघून सांगतो. तिथनं जो नाद लागला तो थेट मागच्या दिवाळीत साडेअकरा हजाराला हे यंत्र घरात येईपर्यंत. बायकोला अजून सात हजारच सांगितलेत.

यंत्र म्हणजे फार काही नाही. अंगठ्याएवढी काळी पुंगळी, आत पिझो चकती (आवाजानं दाबली की करंट देणारी), वर रबर, दहा मीटर केबल आणि टोकाला साधा साडेतीन एमएमचा जॅक. रेकॉर्डर आपला आपण आणायचा. माझ्याकडं धंद्यातला होता म्हणून वाचलो, नाहीतर खर्च डबल.

पहिली टेस्ट तासगावला मामांच्या विहिरीत. सोडला आणि कानात नुसता हम्म्म. लाइटीचा पन्नास हर्ट्झ, आम्हा साउंडवाल्यांचा ओळखीचा शत्रू! रेकॉर्डर मोटरच्या खोलीतल्या बोर्डावरनं चार्जिंगला लावलेला, पिन काढली की गप्प. मग आतनं किर्र किर्र यायला लागलं, ते पाणकिडे. पन्नास वर्षं ती विहीर बघणारे मामा हेडफोन लावून दहा मिनिटं हलले नाहीत. चहा गार झाला त्यांचा. नंतर कृष्णेत घाटावरनं पण सोडून बघितला (मगरीच्या भीतीनं वरच्या पायरीवर बसून), पण वाहत्या पाण्याची नुसती घरघर, वाहत्या नदीत हे घेऊन जाऊ नका.

खरी गोष्ट समुद्रात. डिसेंबरात कोल्हापूर, गगनबावडा करत मालवण गाठलं, एका तांडेलाला पटवून पहाटे सहाला बोट काढली, दोनेक किलोमीटर आत जाऊन इंजिन बंद केलं, केबल सोडली, आणि कानात तेलात मोहरी तडतडावी तसा सलग आवाज. मला वाटलं सोल्डरिंग गेलं. जॅक हलवला, गेन कमी केला, तरी तडतड चालूच. तो कोळंबीच्याच नात्यातला एक बारका प्राणी, इंग्रजीत स्नॅपिंग श्रिम्प, एक नांगी जोरात मिटतो, त्यानं पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना फट्. हजारो एकदम. उथळ गरम समुद्रात हा आवाज कायमचाच असतो, आणि दुसरं जे काय ऐकायचं ते त्याच्यातनंच वेचायचं.

दुसरा त्रास केबलचा. लाटेवर बोट हलली की केबल बोटीच्या काठाला घासते आणि तेवढ्यानं कानात ट्रक गेल्यासारखं होतं. यावर मी शेवटचा एक मीटर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याला सैल बांधला, झटका सगळा रबर खातं, आणि खाली दोनशे ग्रॅमचं वजन. वीस रुपयांत काम झालं, हे कंपनीनं बॉक्समध्येच द्यायला काय जातंय?

डॉल्फिन मिळाले मात्र. दुसऱ्या दिवशी साडेसातच्या सुमारास आधी कानात शिट्टी आली, मग लाकडी दार करकरत उघडावं तसं कर्र्र्र, आणि मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चार-पाच मिनिटांनी दोनशे मीटरवर पाठी दिसल्या, कुबडवाले डॉल्फिन, तीन मोठे एक लहान. तांडेल म्हणाला, "काय गावला?" त्याला एक हेडफोन दिला. आयुष्यभर समुद्रात असलेला माणूस, पण ऐकून लहान पोरासारखा हसला.

तिथं मला दोन्हीचं गणित कळलं. डोळ्याला जनावर वरच यायला लागतं, कानाला ते खालीच असलेलं बरं. क्यूव्हिएरचा चोच-देवमासा म्हणून आहे, २०२० साली छापून आलेला त्याचा डाइव्हचा रेकॉर्ड २२२ मिनिटांचा, म्हणजे पावणेचार तास एका श्वासात, आणि खोलीची नोंद २,९९२ मीटर. इतकं करून वर येतो तो बऱ्याचदा दोनेक मिनिटंच, फवाराही बारका. तेवढ्यात तुम्ही दुसरीकडं बघत असाल तर गेला. मोठ्या सर्व्हेच्या बोटींवर पंचवीस पट मोठं दिसणाऱ्या स्टँडवरच्या दुर्बिणी असतात, तरी पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला की या जातीचं दिसणं एकदम घटतं. माझी आपली ७×५० ची, म्हणजे सात पट मोठं दाखवणारी, मी आधी १०×५० नेली होती पण हलत्या बोटीत तिच्यातनं सगळा समुद्र नाचतो, घेऊ नका. आणि जे काय बघायचं ते सकाळी दहाच्या आत, नंतर वारा उठतो.

उलटं पण होतं बरं का, जनावर गप्प असलं की कान फुकट. चोच-देवमासे क्लिक करतात ते खोल गेल्यावर शिकारीला, वरती असताना जवळपास मुके. म्हणून दोन्ही लागतं.

आता मेन तक्रार. बॉक्सवर देवमाशाचं चित्र आहे. भावांनो, निळ्या देवमाशाचा आवाज इतका खालचा की त्यातला काही भाग आपल्या कानाला येतच नाही, रेकॉर्डिंग दहा पट फास्ट करून ऐकायचं नाहीतर स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या चित्रात) रेघ बघायची. तिकडं ही पिझो चकती खाली शंभर हर्ट्झच्या आत मान टाकते, मी सबवूफर लावून टेस्ट केलंय. वरच्या टोकाला चोच-देवमाशांचे क्लिक चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास. रेकॉर्डरचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ४८ किलोहर्ट्झवर ठेवला तर त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २४ च्या वरचं काही मिळत नाही, ९६ वर ठेवला तर ४८ पर्यंत, म्हणजे काठावर पास. आणि कोकण किनाऱ्याला पाठीवर पर नसलेला पोरपॉइज (डॉल्फिनच्या नात्यातला बारका प्राणी) आहे, मुलखाचा लाजाळू, दिसायलाही अवघड, त्याचे क्लिक सव्वाशे किलोहर्ट्झच्या घरात. तो बोटीखालनं गेला तरी हे यंत्र गप्प बसणार. हे बॉक्सवर कुठं लिहिलंय?

फेब्रुवारीत एकदा फसलो ते पण सांगतो. कानात टक... टक... टक, सेकंदाला एक, अगदी घड्याळ. स्पर्म व्हेल असंच करतो हे वाचलेलं, अंगावर काटा आला, अकरा मिनिटं रेकॉर्ड केलं. निघाला शेजारच्या ट्रॉलरचा फिश फाइंडर, पाण्यात आवाज सोडून मासे शोधणारं यंत्र. आणि पाणी किती खोल होतं तिथं? जेमतेम वीस मीटर. स्पर्म व्हेल खोल पाण्यातला, विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत आंग्रिया बँक (पाण्याखालचं उथळ पठार) आहे, त्याच्याही पुढं जावं लागेल. अक्कल माझीच कमी, यंत्राचा दोष नाही.

सॉफ्टवेअर फुकट आहेत. घरी बघायला ऑडॅसिटी पुरतं, क्लिक आपोआप शोधायला संशोधक वापरतात ते पॅमगार्ड पण फुकट, फक्त शिकायला महिना गेला.

मार्चमध्ये जॅकला हिरवट गंज चढला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे खाऱ्या पाण्यानं झालेलं वॉरंटीत बसत नाही. हायड्रोफोनला! मग विश्रामबागला मित्राच्या दुकानात साठ रुपयांचा सोन्याचा मुलामावाला जॅक घातला, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). तुम्ही पहिल्या दिवशीच घाला, आणि समुद्रातनं आल्यावर केबलसकट गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास.

तरी विकणार का? नाही. परवा वाचलं, मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्यासमोर एक क्लिक वर्षानुवर्षं रेकॉर्ड होत होता, त्याला नुसतं बीडब्ल्यू-४३ नाव, जनावर कुठलं ते माहीत नाही. शास्त्रज्ञ त्या आवाजामागं फिरत राहिले आणि २०२४ च्या जूनमध्ये समोर आला तो गिंको-दाती चोच-देवमासा, जिवंतपणी कुणी खात्रीनं ओळखलाच नव्हता. अंदाज दुसऱ्याच जातीचा होता. क्रॉसबोनं कातडीचा बारका तुकडा काढला तेव्हा नक्की झालं. आधी कान, मग डोळा. पोरीला हेच वाचून दाखवलं, ती म्हणाली मग आपण चारच दिवस का जातो?

पाचपैकी साडेतीन. देवमाशासाठी घेत असाल तर दोन.

सध्या इकडं नदीचं पाणी चढतंय, रोज आयर्विन पुलावरची पाण्याची फूटपट्टी बघणं चालू आहे आणि यंत्र कपाटात. तांडेलाचा गेल्या आठवड्यात फोन आला होता, नोव्हेंबरात लांब आत नेतो म्हणतोय, डिझेलचे पैसे तेवढे आधी पाठव.