चाळीस आठवड्यांचा शिष्यत्व अभ्यासवर्ग: पूर्ण केल्यानंतरचे परीक्षण

ख्रिस्ती शिष्यत्वावरील हा अभ्यासवर्ग मी गेल्या वर्षी पूर्ण केला. चाळीस आठवड्यांचे चाळीस पाठ, एक जाडजूड कार्यपुस्तिका, रोजच्या वाचनाचे वेळापत्रक आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटणारा अकरा जणांचा गट, असे त्याचे स्वरूप आहे. चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी देत नाही. मला पुढे काही गोष्टींबद्दल तक्रार करायची आहे आणि ज्यांनी वर्षभर माझ्यासाठी मनापासून प्रार्थना केली, त्यांच्यावर नाव घेऊन दोष ठेवणे मला बरे वाटत नाही. शिवाय याच धर्तीचे वर्ग अनेक मंडळ्या (चर्च) चालवतात, तेव्हा असा कोणताही वर्ग निवडताना काय पाहावे, हे ठरवायला या लिखाणाचा उपयोग व्हावा अशी माझी इच्छा आहे.

सुरुवातीचे पाठ फार चांगले आहेत. पहिला पाठ ‘शिष्य’ या शब्दावरच थांबतो. मूळ ग्रीक शब्दाचा साधा अर्थ ‘शिकणारा’ असा आहे. बायबलच्या नव्या करारात ‘ख्रिस्ती’ हे नाव अवघे 3 वेळा येते, तर ‘शिष्य’ हा शब्द अडीचशेहून अधिक वेळा येतो. अंत्युखिया या शहरात लोक येशूच्या अनुयायांना ख्रिस्ती म्हणू लागले, त्याच्या आधीपासून ते शिष्य होते. ही माहिती मी पूर्वीही कुठेतरी ऐकली असेल, पण या पाठात ती अशा ठिकाणी मांडली आहे की वाचणाऱ्याने स्वतःकडे वळून पाहावे: मी ख्रिस्ती म्हणून ओळखली जाते हे तर खरे, पण मी अजून काही शिकते आहे का? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातील आज्ञेचा पाठही असाच आहे. त्या वाक्यातील मुख्य आज्ञा ‘शिष्य करा’ ही एकच असून जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही तिला जोडून येणारी क्रियापदे आहेत, हे व्याकरणाचे ओझे न वाटू देता शिक्षकांनी समजावून सांगितले.

सहावा पाठ किमतीचा. लूकच्या चौदाव्या अध्यायातील बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज करतो, आणि 20,000 सैनिक घेऊन येणाऱ्या राजासमोर आपल्या 10,000 सैनिकांनिशी आपण टिकू का, याचा दुसरा राजा विचार करतो. या दोन दाखल्यांनंतर कार्यपुस्तिकेत एक कोरे पान आहे आणि त्यावर दोन रकाने आहेत: ‘प्रभूला अनुसरताना मला काय सोडावे लागेल’ आणि ‘मी ते सोडायला तयार आहे का’. मी पहिल्या रकान्यात झोप, मोकळा वेळ, काही पैसे आणि नातेवाइकांची चांगली मते असे चार मुद्दे लिहिले आणि दुसऱ्या रकान्यात चारही वेळा ‘होय’ लिहिले. ते पान आजही माझ्यापुढे उघडे आहे. त्या चारपैकी कोणतीही गोष्ट वर्षभरात माझ्याकडून फारशी मागितली गेली नाही. जी मागितली गेली, ती त्या रकान्यात नव्हतीच.

इथे अभ्यासवर्गाची पहिली मोठी उणीव आहे असे मला वाटते. किमतीचा हिशेब तो एकदाच, सहाव्या आठवड्यात करायला लावतो आणि पुढच्या चौतीस आठवड्यांत त्या पानाकडे परत येत नाही. वधस्तंभ उचलण्याची आज्ञा मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे, पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकने नोंदवला आहे, आणि शिष्यत्वाच्या वर्गाने तर तो शब्द मुळीच नजरेआड करू नये. एकदा मोठ्या मनाने होय म्हणणे त्या मानाने सोपे असते. उद्या सकाळी, कोणी पाहत नसताना, तेच होय पुन्हा म्हणायचे असते आणि परवाही, आणि तेव्हा मनात कोणतीही उमाळ्याची भावना असेलच असे नाही.

एकोणिसाव्या आठवड्यात माझी आई आजारी पडली. तिची शुश्रूषा माझ्याकडे आली, आणि ती कोणी करायची यावरून दादाशी आधीच बिघडलेले संबंध पूर्ण तुटले. कार्यपुस्तिकेत रोजच्या वाचनासाठी प्रत्येक दिवसाचा एक चौकोन असतो. वाचन आणि प्रार्थना झाली की त्यात खूण करायची आणि रविवारी एकूण आकडा संस्थेच्या संकेतस्थळावर भरायचा. माझे सलग पाच आठवड्यांचे चौकोन कोरे राहिले. दर सोमवारी सकाळी मला एकाच मजकुराचा संदेश यायचा की मी अभ्यासात मागे पडले आहे आणि राहिलेले पाठ भरून काढावेत. संदेश आपोआप पाठवले जात असणार, हे मला कळत होते, तरीही रात्रभर जागून आईच्या उशाशी बसलेल्या माणसाला सकाळी ‘तुम्ही मागे पडला आहात’ हे वाचताना, जणू प्रभूनेच निरोप पाठवला आहे असे वाटू लागते. विश्वासाची मोजदाद करणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेने हा धोका ओळखला पाहिजे. मी ही तक्रार संस्थेला लेखी कळवली. उत्तर सौजन्याचे आले, पण संदेशांचा मजकूर अजून बदललेला नाही.

त्या पाच आठवड्यांत मी वर्ग सोडला नाही, याचे सारे श्रेय आमच्या गटप्रमुखांना आहे. त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि गटात सगळे त्यांना ताई म्हणतात. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. पाठाविषयी त्या काही विचारत नसत. “आज तू काही बोलू नकोस. आईचं डोकं खाली ठेवू नकोस, फोन नुसता कानाशी धर, मी प्रार्थना करते,” असे म्हणून त्या तीन-चार मिनिटे प्रार्थना करायच्या आणि फोन ठेवायच्या. एकदा मी म्हटले की माझा विश्वास आटला आहे. त्यावर त्यांनी मार्कच्या नवव्या अध्यायातील त्या बापाची आठवण करून दिली, ज्याने एकाच श्वासात आपला विश्वासही कबूल केला आणि आपल्या अविश्वासासाठी मदतही मागितली, आणि ज्याच्या मुलाला प्रभूने त्याच अवस्थेत बरे केले. मी पुन्हा वर्गात आले, तेव्हा कोरे चौकोन मागाहून भरू का, असे त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “कोरेच राहू दे. ते दिवस खोटे करू नकोस.”

सत्ताविसावा पाठ हा या अभ्यासवर्गाचा गाभा आहे, आणि केवळ त्यासाठीही हा वर्ग करावा असे मी म्हणेन. पाठ येशूचा शिष्य पेत्र याच्याविषयी आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, थंडीच्या रात्री महायाजकाच्या वाड्यात चाकरांनी कोळशाचा विस्तव केलेला असतो, आणि तिथेच शेकत उभा राहिलेला पेत्र आपण येशूचे शिष्य नाही असे सांगतो. एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, रात्रभर जाळी टाकून थकलेले शिष्य किनाऱ्यावर येतात तेव्हा प्रभूने मासे आणि भाकर तयार ठेवलेली असते, आणि तिथेही विस्तव कोळशाचाच असतो. ज्या ग्रीक शब्दाने हा विस्तव सांगितला आहे, तो नव्या करारात या दोनच ठिकाणी आढळतो. शिक्षकांनी एवढेच दाखवले आणि ते थांबले. तीन वेळा नाकारणाऱ्याला तीन वेळा ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ असे विचारले जाते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या आधी त्याला त्याच वासाजवळ, त्याच धगीजवळ आणून बसवले जाते आणि काहीही विचारण्यापूर्वी खायला दिले जाते, हे मी इतकी वर्षे वाचूनही पाहिले नव्हते. पेत्राची उजळणी घेतली गेली नाही आणि त्याच्याकडून मागचे काही भरूनही मागितले गेले नाही. त्याच्यावर मेंढरे सोपवली गेली, आणि मग पहिल्या दिवशी ऐकलेले शब्द त्याला पुन्हा ऐकू आले: माझ्यामागे ये.

इतका उत्तम पाठ देणाऱ्या वर्गाने पुढचे मंडळीच्या इतिहासाचे चार पाठ इतके एकांगी का करावेत, हे मला समजले नाही. त्यांत केवळ न डगमगणारे लोक भेटतात. स्मुर्णाचे बिशप पॉलिकार्प आहेत, ज्यांनी आपण 86 वर्षे ख्रिस्ताची सेवा केली आणि त्याने आपले काहीच वाईट केले नाही, तर त्याची निंदा कशी करू, असे विचारून मरण पत्करले. कार्थेजमध्ये 203 साली प्राण देणाऱ्या पर्पेतुआ आणि फेलिसिता आहेत. त्यांच्याविषयी वाचताना माझेही मन भरून आले, आणि त्यांचे स्मरण मंडळीने केलेच पाहिजे. पण जे डगमगले, त्यांचे मंडळीने काय केले? रोमन सम्राट डेशियसच्या काळात, 250 च्या सुमारास, प्रजेने देवांना बळी अर्पण करावा आणि तसे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम निघाला. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी दिला, काहींनी नुसतेच प्रमाणपत्र मिळवले, आणि छळ ओसरल्यावर ते रडत मंडळीच्या दाराशी आले. त्यांना परत घ्यावे की नाही यावरून मोठा वाद झाला. रोममधील पाळक नोव्हेशियन याचा पक्ष दार बंदच ठेवा म्हणत होता, तर कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि त्यांच्यासोबतच्या बिशपांनी पश्चात्तापाची कसोटी घेऊन, पण दार उघडे ठेवण्याचा मार्ग धरला. टिकणाऱ्या विश्वासावरील वर्गात हा वाद एका वाक्यातही नाही.

जपानमधील गुप्त ख्रिस्ती लोकांचाही उल्लेख नाही. तिथे 1614 साली देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पाळक नाही, उपासनामंदिर नाही, छापील शास्त्र नाही, अशा अवस्थेत साध्या शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी सुमारे अडीचशे वर्षे बाप्तिस्मा आणि प्रार्थना एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जपून दिल्या. ख्रिस्त किंवा मरीयेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे त्यांना दाखवावे लागे. अनेकांनी पाय ठेवला, आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. 1865 साली नागासाकीतील नव्या ओउरा मंदिरात काही गावकरी आले आणि त्यांच्यातील एका स्त्रीने फ्रेंच पाळकाला हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे. या ओळखीनंतरही त्यांच्यातील तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली, आणि बंदी उठायला 1873 साल उजाडले. ज्यांनी पाय ठेवला त्यांचा विश्वास मोडला होता की टिकला होता, या प्रश्नावर आमच्या गटात एक संध्याकाळ बोलता आले असते, तर मला ते चारही पाठांपेक्षा मोलाचे वाटले असते.

बाकीच्या पाठांविषयी थोडक्यात सांगते. पैशाच्या कारभाराचा पाठ नेमका आणि प्रामाणिक आहे. साक्ष देण्याचे दोन पाठ पाठांतरावर भर देतात आणि ऐकणाऱ्या माणसाचा विचार कमी करतात. याकोबाच्या पत्राचे पाठ बरे आहेत. भाषा मात्र अनेक ठिकाणी अवघड आहे. ‘आध्यात्मिक वाढीचे स्वमूल्यमापन’ असे शब्द वाचून मन कोरडे पडते. त्याउलट योहानाच्या आठव्या आणि पंधराव्या अध्यायांत प्रभू ‘राहा’ हे साधे क्रियापद वापरतो: माझ्या वचनात राहा, माझ्यामध्ये राहा. जे राहतात तेच खरोखर त्याचे शिष्य, असे तो सांगतो. कार्यपुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत हा एक शब्द सगळीकडे पेरला, तरी तिचा सूर बदलेल.

छत्तिसावा पाठ प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याचा. प्रभूला शत्रूंच्या हाती देणारा यहूदा अजून त्या जेवणावरून उठून गेलेला नव्हता, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले, हे शिक्षकांनी सांगितले आणि आठवड्याच्या आत एखादे अवघड सेवेचे काम करायला सांगितले. मी दादाला फोन केला. जवळपास चार महिन्यांत आम्ही बोललो नव्हतो. त्याची चूक काय, हे मी एकदाही काढले नाही, माझ्याकडून जे कडू बोलले गेले होते तेवढ्याचीच क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “आई आता जेवते का नीट?” आमच्यातले सगळे अजून सुरळीत झालेले नाही. पण सहाव्या आठवड्याच्या त्या पानावर पहिल्या रकान्यात मी पाचवा मुद्दा त्या रात्री लिहिला: ‘मीच बरोबर आहे हे म्हणणे’. दुसऱ्या रकान्यात मी नुसती तारीख घातली, आणि त्यानंतर आणखी काही तारखा तिथे जमल्या आहेत.

नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला हा वर्ग मी जरूर सुचवेन, मात्र गटप्रमुख कोण आहे हे आधी विचारून घ्यावे, कारण छापील पाठांपेक्षा त्या माणसावर अधिक अवलंबून आहे. जे सध्या आजारपणातून, शोकातून किंवा मनाच्या दुष्काळातून जात आहेत, त्यांनी नोंदणी करताना साप्ताहिक संदेश बंद ठेवण्याची विनंती करावी. ती मान्य होते, हे मला फार उशिरा कळले. आमच्या अकरा जणांपैकी सहा जणांनी चाळीस आठवडे पूर्ण केले आणि आम्हाला प्रमाणपत्रे मिळाली. उरलेल्या पाच जणांची नावे संस्थेच्या यादीतून निघाली आहेत. ताईंचा गुरुवारचा फोन त्यांना अजूनही जातो, आणि गेल्या महिन्यापासून त्यांतल्या दोघींना तो मी करते.