पाय ५ ला एसएसडी जोडायची, तर एम.२ हॅट प्लस

रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक अडखळतो तेव्हा दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो, मायक्रोएसडी कार्डाचा असतो. स्लॉट कागदावर १०४ एमबी प्रतिसेकंदाचा, हाती ८५-९० लागतात. पण दुखणं या आकड्यात नाहीच. अपडेट चालू असताना किंवा डेटाबेस वापरताना चार-चार केबीचे तुकडे सतत इकडेतिकडे लिहिले जातात. ए१ शिक्क्याच्या कार्डाने असे सेकंदाला ५०० तुकडे लिहिले तरी ते पास! साधी एनव्हीएमई एसएसडी (पीसीआयई या जलद मार्गाने जोडली जाणारी, चिपांची डिस्क) असे तुकडे सेकंदाला हजारोंनी लिहिते.

म्हणून २०२४ साली १२ डॉलरला आलेला, कंपनीचा एम.२ हॅट प्लस (पायवर एसएसडी बसवायचा जोडबोर्ड) घेण्यासारखा आहे. त्यात २२३० आणि २२४२ मापाच्याच (२२ मिमी रुंद, ३० किंवा ४२ मिमी लांब) एसएसडी बसतात. दुकानात सर्रास मिळणारी लांबडी २२८० बसत नाही आणि एम.२ साटा (तशीच दिसणारी, पण जुन्या साटा पद्धतीची एसएसडी) तर चालतच नाही, तेव्हा आधी माप बघा. अ‍ॅक्टिव्ह कूलर (पंखा) लावणार असाल तर तो हॅटच्या आधी बसवा.

जोडणीत सगळा भरवसा हॅट आणि पाय यांना जोडणाऱ्या चपट्या रिबन केबलवर. कनेक्टरची खिट्टी दोन्ही कडांनी हलकेच उचला, केबलची तांब्याची बाजू यूएसबी पोर्टांकडे ठेवून ती सरळ आत टेकेपर्यंत घाला, मग खिट्टी दाबा. केसभर तिरकी राहिली तरी ड्राइव्ह दिसत नाही, किंवा दिसून मध्येच गायब होते.

मूळ वेग पीसीआयई जेन २ (दुसरी पिढी), डेटाची एकच लेन. हाती साधारण ४००-४५० एमबी येतात. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रामच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जेन ३ चालू केलं की ८०० च्या आसपास. मात्र पाय ५ जेन ३ साठी प्रमाणित नाही. कर्नल लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) एईआरच्या, म्हणजे पीसीआयई चुकांच्या ओळी दिसू लागल्या की मुकाट्याने जेन २ वर परत या. लहान फायलींच्या कामात फरक फारसा जाणवत नाही, मोठ्या फायली हलवतानाच जाणवतो.

वीजपुरवठा ५ व्होल्ट, ५ अँपिअरचाच हवा. ३ अँपिअरच्या चार्जरवर यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर मिळतात आणि हॅटऐवजी यूएसबीला लावलेली एसएसडी असेल तर ती ऐन लिहिताना सुटू शकते.

शेवटी एसडी कार्ड कॉपियर या प्रोग्रामने कार्डाची नक्कल एसएसडीवर घ्या आणि बूट ऑर्डर (कशावरून सुरू व्हायचं तो क्रम) एफ४१६ करा. हा आकडा उजवीकडून वाचायचा: ६ म्हणजे एनव्हीएमई, १ कार्ड, ४ यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कंपनीचा, हॅट प्लस नसलेला बोर्ड असेल तर ईईप्रॉमच्या (पायवरच्या, सुरू होण्याची सेटिंग ठेवणाऱ्या चिपच्या) सेटिंगमध्ये पीसीआयई प्रोबला १ द्यावा लागतो. नाहीतर एसएसडी चालू स्थितीत दिसते, पण तिच्यावरून बूट होत नाही.