'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'वरचा ऑनलाइन कोर्स: कंदिलाचा भाग जबरदस्त, क्विझ मात्र काढून टाका

टेनेसी विल्यम्सचं हे नाटक ज्यांना अभ्यासाला आहे किंवा बसवायचंय त्यांनी हा रेकॉर्डेड कोर्स जरूर करावा, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या वाचून कोणी मागे फिरायला नको. नाटकाचे अकरा प्रवेश, प्रत्येक प्रवेशाला एक व्हिडिओ, सोबत नोट्स, मग क्विझ आणि शेवटी एक लेखी असाइनमेंट, एवढंच आहे. संहिता वाचूनच बसा, शिकवणाऱ्या मॅडम गोष्ट सांगत बसत नाहीत आणि तेच बरंय.

प्रतीकांचा भाग खरंच मन लावून केलाय. बहुतेक गाइडांमध्ये 'कंदील म्हणजे भ्रम, उजेड म्हणजे सत्य' असं एका ओळीत उरकलेलं असतं आणि मुलं तेच पेपरात उतरवून येतात. इथे मॅडम कंदिलाच्या तिन्ही जागा एकापाठोपाठ वाचून दाखवतात. तिसऱ्या प्रवेशात बहीण स्टेलाकडे राहायला आलेली नायिका ब्लांश, तिच्यात रस घेऊ लागलेल्या मिचला तो कागदी कंदील उघड्या बल्बवर लावायला सांगते, नवव्यात तोच मिच तो ओरबाडून काढतो कारण त्याला तिचा चेहरा भर उजेडात बघायचाय, आणि शेवटच्या प्रवेशात स्टेलाचा नवरा स्टॅन्ली तो काढून तिच्यापुढे धरतो तेव्हा ती अशी ओरडते की जणू तो कंदील म्हणजे ती स्वतःच आहे, हे विल्यम्सने रंगसूचनेतच लिहून ठेवलंय. मॅडम म्हणतात कंदिलाचा अर्थ नंतर शोधा, आधी तो कोणाच्या हातात आहे ते बघा. हे मला फार पटलं. पण मग नवव्यात काढलेला कंदील अकराव्यात परत बल्बवर आला कसा? कोणीतरी लावलाच असणार, ब्लांशने की स्टेलाने, नाटकात ते कुठेच दिसत नाही, आणि नाटक बसवणाऱ्याला तर याचं उत्तर ठरवावंच लागतं. यावर दोन मिनिटं तरी बोलायला हवं होतं.

संगीतावरचा भाग त्याहून सरस. या नाटकात दोन वेगवेगळी संगीतं आहेत. वस्तीत वाजणारा पियानो, ज्याला विल्यम्स 'ब्लू पियानो' म्हणतो, सगळ्यांना ऐकू येतो, पण वार्सोव्हियाना पोल्का ही नाचाची धून फक्त ब्लांशच्या डोक्यात वाजते, कारण त्याच पोल्कावर नाचताना ती आपल्या तरुण नवऱ्याला नको ते बोलून गेली आणि त्याने बाहेर जाऊन स्वतःवर गोळी झाडली. म्हणून तिच्या डोक्यातला पोल्का गोळीचा आवाज आला की थांबतो. शेजारी उभ्या असलेल्या मिचला यातलं काहीच ऐकू येत नाही, आपल्याला मात्र येतं, म्हणजे नाटककाराने प्रेक्षकाला थेट तिच्या डोक्यात नेऊन बसवलंय आणि तिथून तिला 'वेडी' म्हणून लांबून बघणं शक्यच नाही. हा व्हिडिओ मी परत परत लावला.

नाटकाच्या नावातली 'स्ट्रीटकार' म्हणजे ट्राम, तिच्या आणि जागांच्या नावांचं थोडक्यात आटपलंय. न्यू ऑर्लिन्समध्ये डिझायर नावाची ट्राम लाइन खरंच होती आणि स्टेलाचं घर जिथे आहे तो एलिशियन फील्ड्स हा खरा रस्ता आहे, एवढं कळलं तरी पुरे.

आता क्विझ. पहिलाच प्रश्न, 'ब्लांशला कोणता मानसिक आजार आहे?' चार पर्याय आणि बरोबर उत्तर म्हणे पीटीएसडी, म्हणजे मोठ्या मानसिक धक्क्यानंतर जडणारा विकार. अहो नाटक १९४७ चं, हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तिकेत आलं १९८० साली. आजच्या माहितीतून जुनं पात्र बघायला माझी हरकत नाही, पण एकदा पर्यायावर टिक केली की पात्राबद्दल विचार करायचं कामच राहत नाही. तिचं चोरून पिणं, नसा शांत व्हाव्यात म्हणून सारखं गरम पाण्यात बसणं, वय लपवणं, बहिणीवर माया असूनही तिच्या नवऱ्याला घालूनपाडून बोलणं, हे सगळं एका लेबलात कसं मावणार? विल्यम्सची बहीण रोझ हिच्यावर १९४३ मध्ये लोबोटॉमी (मानसिक आजारावर तेव्हा केली जाणारी मेंदूची शस्त्रक्रिया) झाली होती, तेही कोर्समध्ये येतं, पण लगेच 'ब्लांश म्हणजे रोझ' करून मोकळे. इतकं सोपं नसतं ते.

मला सगळ्यात खटकलं ते स्टेलाबद्दल. दहाव्या प्रवेशात स्टॅन्ली ब्लांशवर बलात्कार करतो, ती बहिणीला सांगते, आणि स्टेला शेजारणीला म्हणते की हिचं खरं मानलं तर मला स्टॅन्लीसोबत राहताच येणार नाही. माझ्या मते नाटकाचा कणा इथे आहे. ब्लांश आजारी आहेच, पण ती आजारी ठरणं ही त्या घराची गरजही आहे, तिचं खरं निघालं तर सगळ्यांचंच मोडतं. मानसिक आजारावरचं नाटक शिकवताना हे वगळून कसं चालेल? स्टेलावर वेगळा व्हिडिओ हवाच होता, इथे तिला जेमतेम दोन स्लाइड मिळाल्यात.

शेवटच्या व्हिडिओत मात्र मॅडम परत फॉर्मात येतात. ब्लांशला न्यायला आलेली मनोरुग्णालयातली मेट्रन तिला दाबून धरते, आणि डॉक्टर टोपी काढून तिच्याशी नीट बोलतो तेव्हाच ती त्याचा हात धरून निघते, एवढ्याशा कृतीवर त्या किती बारकाईने बोलल्यात! असाइनमेंटही छान आहे, एक रंगसूचना निवडून त्यावर लिहायचं, आणि तपासणारे खरंच वाचून उत्तर देतात, मला तर स्टेलावर लिहिलेल्या परिच्छेदाखाली उलट प्रश्न आले होते.

परीक्षा तोंडावर असेल तर तिसरा, नववा आणि अकरावा व्हिडिओ आधी बघा, क्विझला हातही लावू नका, आणि दहावा प्रवेश ज्यांना जड जाईल त्यांनी तो व्हिडिओ एकट्याने रात्री बघायला घेऊ नये, कोर्समध्ये त्याची आगाऊ सूचना कुठेच दिलेली नाही.