स्टुडिओआधीची पिलाटीज: नवशिक्यांसाठीच्या एका व्हिडिओ-अभ्यासक्रमाचे परीक्षण

पिलाटीज या व्यायामपद्धतीच्या स्टुडिओत नाव नोंदवण्यापूर्वी घरीच मूलभूत हालचाली शिकवू पाहणारे अनेक व्हिडिओ-अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. त्यांपैकी एक पूर्ण करून मी स्टुडिओत जाऊ लागले, त्यामुळे तेथे त्याचा कितपत उपयोग झाला, एवढ्याच कसोटीवर मी त्याचे मूल्यमापन करणार आहे.

अभ्यासक्रमाची खरी जमेची बाजू म्हणजे त्याची संथ सुरुवात. पहिल्या काही पाठांत घाम यावा असे जवळजवळ काहीच नाही: गुडघे वाकवून पाठीवर झोपायचे, श्वास घेताना पोट न फुगवता बरगड्या दोन्ही बाजूंना पसरू द्यायच्या आणि श्वास सोडताना ओटीपोट हळूच आत घ्यायचे. कंबरेखालची नैसर्गिक पोकळी राखणे आणि कंबर जमिनीला टेकवणे या दोन स्थितींतला फरक कळावा म्हणून शिक्षिका तळहात ओटीपोटावर ठेवायला सांगते आणि कटीची पुढची दोन हाडे व जघनास्थी (ओटीपोटाच्या खालच्या टोकाचे हाड) एका पातळीत आहेत का, हे आपले आपल्यालाच तपासायला लावते. हे पाठ कंटाळवाणे आहेत, यात शंका नाही. तरीही स्टुडिओतल्या सूचना याच स्थितींना धरून वेगाने दिल्या जात असल्याने, त्या ऐकताच शरीर योग्य जागी नेता येणे ही नवशिक्यासाठी मोठीच सोय ठरते.

‘हंड्रेड’ या प्रसिद्ध व्यायामाची मांडणीही विचारपूर्वक केलेली आहे. त्यात डोके व खांदे उचलून, सरळ हात खालीवर हलवत पाच ठोके श्वास घ्यायचा व पाच ठोके सोडायचा असतो, आणि अशी दहा आवर्तने झाली की 100 ठोके पूर्ण होतात. येथे मात्र तो आधी डोके जमिनीवर व पाय वाकलेले ठेवून शिकवला आहे, त्यामुळे पोटाचे काम मानेवर पडत नाही.

उत्तरार्धाबद्दल इतके चांगले लिहिता येणार नाही. या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटीज यांनी 1945 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ क्रमात चटईवरचे 34 व्यायाम आहेत आणि त्यांपैकी होतील तेवढे उरकण्याची घाई या भागात स्पष्ट जाणवते. पाय डोक्यामागे नेणाऱ्या ‘रोल ओव्हर’मध्ये भार खांद्यांवर राहण्याऐवजी सहज मानेवर येऊ शकतो, आणि पाहणारे कोणी नसताना हा व्यायाम नवशिक्याला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि मणक्यातील चकतीचा त्रास असणाऱ्यांनी पाठ गोल करणाऱ्या हालचालींपूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा, ही गोष्टही ओझरत्या एका वाक्यात उरकली आहे.

स्टुडिओतील रिफॉर्मर या यंत्राची पूर्वतयारी चटईवर पूर्णपणे होऊ शकत नाही, हा दोष अर्थातच अभ्यासक्रमाचा नाही. या यंत्रात सरकत्या पाटाला स्प्रिंगा जोडलेल्या असतात आणि कमी स्प्रिंगा म्हणजे सोपा व्यायाम, हा समज लवकरच मोडतो: पायांनी पाट ढकलताना जास्त स्प्रिंगा जड वाटतात, परंतु हात आडव्या दांड्यावर व पाय पाटावर ठेवून शरीर फळीसारखे ताठ धरताना स्प्रिंगा कमी असतील, तर पाट निसटू न देण्याचे काम शरीरालाच अधिक करावे लागते. निदान टाचा आणि चवडे यांच्या स्थिती झोपून भिंतीला पाय लावून गिरवून घेता आल्या असत्या. तसा एकही पाठ नाही.

साहित्याविषयी थोडेसे. योगासनांची 4 ते 6 मिलिमीटर जाडीची चटई बहुतेक हालचालींना चालते, परंतु पाठीवर मागेपुढे लोळण्याच्या व्यायामांत मणके टोचतात. त्यासाठी 10 मिलिमीटर किंवा त्याहून जाड चटई घ्यावी.

हा अभ्यासक्रम मी सुचवेन तो पूर्वार्धासाठी. तो नीट मुरला, की उत्तरार्धाकडे न वळता स्टुडिओतील प्रशिक्षकाकडे एखादे वैयक्तिक सत्र घ्यावे आणि मगच सामूहिक वर्गात जावे.