पीचफेस आणि फिशर : जोडी लावावी का?

कोथरूडच्या फ्लॅटची गॅलरी, एक पिंजरा, त्यात पीचफेस जातीची लव्हबर्ड, म्हणजे छोट्या पोपटाची मादी आणि सोबत म्हणून आणलेला फिशर जातीचा लव्हबर्ड नर. आता तो तिला चोचीनं भरवतोय. घरट्यासाठी मडकं टांगावं का, या प्रश्नावर अडलेल्यांसाठी माझं मत आधीच सांगतो: टांगू नका.

दोन्ही लव्हबर्डच, पण चाली निराळ्या. पीचफेस मादी कागदाच्या किंवा झावळीच्या पट्ट्या कातरते आणि कमरेवरच्या पिसांत खोचून नेते. फिशर मादी पट्टी चोचीत धरून नेते. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी या दोघांची संकरित पिल्लं वाढवली. ती पट्टी खोचायला जात, ती खोचली जात नसे, गळून पडे. चोचीतून न्यायला शिकण्यात जवळपास तीन वर्षं गेली, आणि तरीही मान मागे वळवायची ओढ पुरती सुटली नाही. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. इतकं करून घरटं झालं तरी त्यात पिल्लू नाही, कारण हा संकर वांझ असतो.

याउलट पीचफेसला पीचफेस मिळाला, तर 4 ते 6 अंडी, सुमारे 23 दिवसांची उबवण आणि साधारण सहा आठवड्यांनी पिल्लं मडक्याबाहेर. रंगांची हौसही इथेच भागते. लुटिनो, म्हणजे पिवळ्या रंगाचा नर आणि हिरवी मादी लावली, तर पिल्लांतल्या सगळ्या माद्या पिवळ्याधमक निघतात.

फिशर आणि मास्क्ड ही आणखी एक लव्हबर्डची जात, यांचा संकर मात्र वांझ नसतो, आणि मला त्याचीच जास्त धास्ती आहे. पिल्लं फिशर म्हणून विकली जातात, पुढे त्यांचीही जोडी लागते, आणि चार पिढ्यांनी शुद्ध फिशर कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. केनियात नैवाशा सरोवराकाठी मोकळे सुटलेले असे मिश्र थवे आहेतच. सन आणि जेंडे कोन्युअर या दोन पिवळ्या-केशरी पोपटांच्या संकराचंही तेच. कोवळ्या सनचे पंख हिरवेच असतात, त्यामुळे पिल्लू बघून फसगत होते. रानातला सन कोन्युअर तर संकटात आहे.

आपला हिरवा पोपट किंवा पहाडी पोपट या विचारातच आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार ते पाळणंच गुन्हा आहे. फिशरची परिवेश या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद लागते, पिल्लांचीही.

लळा लागलेली जोडी तोडवत नसेल, तर राहू द्या एकत्र, मडक्याशिवाय. अंडी आलीच तर नुसती उचलून टाकू नका, मादी पुन्हा घालत राहते आणि अंगातलं कॅल्शियम संपतं. त्यांच्या जागी प्लॅस्टिकची अंडी ठेवा, समुद्रफेण टांगा, आणि ती कंटाळून उठेपर्यंत थांबा.