इलिझारोव्ह रिंग, वर्षभराच्या अनुभवानंतर: पाय लवकर लांब झाला, हाड सावकाश भरलं

लहानपणी उजव्या पायाच्या हाडात पू झाला होता. पाय वाचला, पण गुडघ्याखालच्या हाडाची वाढ खुंटली आणि तो पाय साडेचार सेंटिमीटरने आखूड राहिला. शाळेपासून जाड तळव्याचा बूट आणि तिशीनंतर कंबरदुखी. शेवटी इलिझारोव्ह रिंग लावून पाय लांब करून घेतला: हाड कापतात, पायाभोवती बाहेरून रिंगा बसवून त्या हाडातून आरपार गेलेल्या तारांना जोडतात, आणि रिंगांमधल्या दांड्यांवरचे नट फिरवून हाडातली फट हळूहळू वाढवतात. रिंग निघूनही आता काही महिने झालेत. ऑपरेशनआधी जे वाचायला मिळालं ते सगळं लांबी वाढवण्याबद्दल होतं. माझा खरा कस लागला तो वाढवलेल्या जागेत हाड भरताना, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

लांबी वाढवणं हा त्यातला सोपा भाग. हाड कापल्यावर आठवडाभर काहीच करायचं नसतं, मग नट फिरवायला सुरुवात होते. दांड्यावरच्या आट्यांची एक पूर्ण फेरी म्हणजे 1 मिलिमीटर. ती एकदम द्यायची नाही, पाव-पाव फेरी करून दिवसातून चार वेळा द्यायची. आईने प्रत्येक नटाच्या एका कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. 10 नंबरचा पाना लावून ठिपका एक घर पुढे सरकवायचा आणि वहीत टिकमार्क करायची. दीड-दोन महिन्यांत लांबी पूर्ण झाली. पेढे वाटले, सगळे म्हणाले सुटलीस. प्रत्यक्षात मोठा टप्पा तिथून सुरू होतो.

ताणून उघडलेल्या फटीत आधी मऊ तंतुमय ऊतक येतं, त्यात दोन्ही टोकांकडून हाडाचे धागे भरत येतात आणि मग ते कडक होतं. हा कडक होण्याचा काळ लांबी वाढवण्याच्या काळाच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त असतो. लहान मुलांत सेंटिमीटरमागे साधारण महिना धरतात, मोठ्यांत दीड महिना किंवा अधिक. मला पहिल्या ठिकाणी "दीड महिन्यात लांबी होईल" एवढंच सांगितलं गेलं होतं. पुढचे महिने कोणी मोजून दाखवले नाहीत याचा राग अजून आहे, कारण नोकरीची रजा आणि घरचं सगळं गणित त्यावर अवलंबून असतं.

लांबी झाल्यावर एक्स-रेत मागच्या आणि आतल्या बाजूला पांढरट रेघा धरू लागल्या. पुढची, नडगीची बाजू मात्र काळीच. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी फिल्म खिडकीच्या काचेला लावून बघत बसायचे. दुसरं मत घेतलं तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं: नडगीवर पुढून स्नायूंचं आवरण नाही, रक्तपुरवठा कमी, म्हणून ती बाजू बऱ्याचदा मागे राहते. रिंग कधी काढायची हे कॅलेंडर ठरवत नाही. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत मिळून हाडाच्या चार भिंती दिसतात, त्यांतल्या किमान तीन सलग जुळलेल्या दिसायला हव्यात. हे कळल्यापासून मी प्रत्येक भेटीत "अजून किती दिवस" विचारणं सोडलं आणि "किती भिंती" विचारू लागले. उत्तर स्पष्ट मिळायचं.

मग कारणांचा शोध. ड जीवनसत्त्व तपासलं तर खूपच कमी निघालं. दिवसभर घरात बसून काम, वर पावसाळा. साखर तपासली, ती ठीक होती. ब्रुफेनसारख्या गोळ्या बंद केल्या, कारण त्या हाड भरण्यात अडथळा आणू शकतात. दुखलं तर पॅरासिटामॉल. तंबाखूची चौकशी झाली, मिश्रीसकट. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे कितीतरी बायका "मी तंबाखू खात नाही" म्हणतात आणि रोज सकाळी मिश्री लावतात. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, ते तोंडातून गेलं तरी हाडाला बाधतंच. आणखी एक गोष्ट सापडली: खालच्या रिंगची एक तार सैल झाली होती. या तारा जेमतेम 1.8 मिलिमीटर जाडीच्या, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या ताणून बसवलेल्या असतात. तार सैल पडली की रिंग डुगडुगते, नवं हाड नको तसं हलतं, आणि तारेच्या तोंडाशी लाली आणि पाणी येतं. ती पुन्हा ताणली, अँटिबायोटिक घेतलं, आठवड्यात दुखणं उतरलं.

त्यानंतर नट उलटे फिरवले. फट काही मिलिमीटर दाबून आणायची, थोडे दिवस थांबायचं, पुन्हा तेवढीच उघडायची. याला अकॉर्डियन पद्धत म्हणतात. एवढ्या कष्टाने मिळवलेली लांबी परत कमी होताना बघणं मनाला फार लागतं. पण दाब आणि ताण आलटून-पालटून दिल्याने रेंगाळलेल्या हाडाला चालना मिळते, आणि माझ्या बाबतीत पुढच्या बाजूला पहिली धूसर रेघ त्यानंतरच दिसली. तेवढ्याने भागलं नसतं तर कमरेच्या हाडातला मगज काढून तिथे सोडायचा, आणि शेवटी हाडाचं कलम, असं ठरलं होतं. ती वेळ आली नाही.

हाड लवकर भरावं म्हणून अल्ट्रासाउंडचं छोटं मशीनही भाड्याने आणलं होतं, रोज 20 मिनिटं लावायचं. ज्यांना परवडत नाही त्यांनी त्यासाठी कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नडगीच्या ताज्या फ्रॅक्चरच्या सुमारे 500 रुग्णांवरची मोठी चाचणी 2016 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली, तिच्यात मशीनचा फायदा दिसला नाही. आमचा प्रकार वेगळा आहे हे मान्य, तरी पैसे आधी फिजिओथेरपीवर घालावेत.

कारण चालणं हेच यातलं औषध आहे. सायबेरियातल्या कुर्गान शहरात सोव्हिएत डॉक्टर इलिझारोव्ह यांनी ही रिंग बनवली तीच मुळी रुग्णाला पायावर उभं करण्यासाठी. ऑलिंपिक सुवर्णविजेता उंच उडीपटू ब्रुमेल अपघातानंतर त्यांच्याकडेच गेला आणि पुन्हा उड्या मारू लागला. ताणलेल्या तारा पावलागणिक हाडाला बारीकसा दाब देतात, तो हाडाला हवा असतो. मी दुखेल म्हणून कुबड्यांवर भार टाकत होते. फिजिओ ताईंनी घरातला वजनकाटा आणून त्यावर उजवा पाय ठेवायला लावला, काटा कुठे जातो ते मलाच बघायला सांगितलं आणि दर आठवड्याला आकडा वाढवला. पाऊल खाली ओढलं जाऊ नये म्हणून पट्ट्याने घोटा वर धरून ठेवायचा व्यायामही रोजचा. तो टाळलेल्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाची टाच टेकत नव्हती.

रिंग काढायच्या आधी दांडे सैल करून काही दिवस तसंच चालवलं. दुखलं नाही, हाड वाकलं नाही, मग काढली. तरी नवं हाड मोडू किंवा वाकू शकतं, म्हणून पुढे गुडघ्याखाली ब्रेस.

आता दोन्ही पाय जवळपास सारखे आहेत, साध्या चपला घालते, कंबर दुखत नाही. मांडी घालून बसता येतं, उकिडवं अजून नाही. घोटा सकाळी आखडतो. पुन्हा असाच पाय असता तर पुन्हा करून घेतलं असतं. निव्वळ उंची वाढवायला दोन्ही पायांची हाडं कापून लांब करून घेण्याचा विचार करणाऱ्यांना मात्र मी नको म्हणेन. डॉक्टर निवडताना त्यांना एकच विचारा: हाड भरलंच नाही तर तुम्ही काय-काय कराल, आणि त्या प्रत्येकाचा खर्च किती? माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी हे कागदावर लिहून दिलं होतं.