टॅलीप्राइम छोट्या संस्थेची आर्थिक तब्येत दाखवतं का?

नौपाड्यातला ट्रस्ट असो की नेरूळचं महिला मंडळ, हिशेब टॅलीत, म्हणजे टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, असला तरी त्यातून 31 मार्चचा ताळेबंद तेवढा काढला जातो. तीन वर्षांत संस्था सावरली की खंगली, हेही त्याच नोंदींत असतं. ते दिसण्यासाठी खाती आधीच नीट मांडावी लागतात.

टॅलीत एफ11 ही कळ दाबून कॉस्ट सेंटर (खर्च कोणत्या कामासाठी झाला ते दाखवणारे कप्पे) चालू करा. प्रत्येक प्रकल्पाला एक, कार्यालयीन खर्चाला वेगळं. मग एकाच पगाराचं व्हाउचर (व्यवहाराची नोंद) दोन प्रकल्पांत 60:40 वाटता येतं. एप्रिलमध्ये हे राहिलं, तर मार्चमध्ये एकेक जुनं व्हाउचर उघडत बसावं लागतं.

सगळ्यात महागात पडते ती अनुदानाच्या लेजरमधली (खात्यातली) चूक. ठरावीक कामासाठी आलेली रक्कम थेट 'इन्डायरेक्ट इन्कम' या उत्पन्नाच्या गटाखाली टाकली की त्या वर्षी वाढावा फुगतो आणि पुढच्या वर्षी खर्च पडताच तूट दिसते. काम मात्र दोन्ही वर्षी तेवढंच झालेलं असतं. असं अनुदान 'करंट लायबिलिटीज' या देण्यांच्या गटाखाली ठेवा आणि खर्च होईल तेवढंच जर्नल व्हाउचरने उत्पन्नात आणा. (प्राप्तिकराच्या सवलतीसाठी 85 टक्के उत्पन्न उद्दिष्टांवर खर्च करण्याचं गणित वेगळं, ते सीएकडून तपासून घ्या.)

समजा, बँकेत 12 लाख आहेत आणि त्यातलं 8 लाख न वापरलेलं अनुदान आहे. हाताशी उरले 4 लाख. पगार, भाडं, वीज मिळून महिन्याला 1 लाख जात असतील, तर चार महिन्यांची बेगमी. कार्यकारिणीपुढे हाच आकडा यायला हवा. टॅली तो आयता देत नाही, ही मोठी उणीव. दर तिमाहीला कागदावर काढावा लागतो.

वर्षांची तुलना मात्र झकास. उत्पन्न-खर्चाच्या पत्रकावर ऑल्ट आणि सी दाबून मागच्या वर्षाच्या तारखा दिल्या की ते वर्ष शेजारी येतं. त्यासाठी टॅलीत दरवर्षी नवी 'कंपनी' (संस्थेच्या हिशेबाचा वेगळा संच) उघडू नका.

धर्मादाय कार्यालयाला लागणारे अनुसूची 8 (ताळेबंद) आणि 9 (उत्पन्न-खर्च पत्रक) चे नमुने मूळ टॅलीत तयार नाहीत. म्हणून खर्चाचे गट पहिल्यापासून अनुसूची 9 प्रमाणे पाडा: आस्थापना खर्च, लेखापरीक्षण शुल्क, न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च. लेखापरीक्षकाचं निम्मं काम तिथेच होतं.

एडिट लॉग, म्हणजे नोंदींतल्या बदलांचा इतिहास, हाही चालू ठेवा. खजिनदार बदलल्यावर कोणतं व्हाउचर कुणी, कधी बदललं ते कळतं. त्यासाठी प्रत्येकाचं लॉगिन मात्र वेगळं हवं. एकाच संगणकावर काम असेल तर टॅलीचा सिल्व्हर (एका संगणकाचा) परवाना पुरेसा आहे.